ट्रॅकवर स्पोर्ट्‌स कारचा सेटअप: टायरच्या हवेपासून डॅम्परच्या क्लिकपर्यंत

रस्त्यासाठी बनवलेली वेगवान स्पोर्ट्‌स कार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या सस्पेन्शनमध्ये बऱ्याच तडजोडी आधीच होऊन गेलेल्या असतात. टायर हजारो किलोमीटर टिकले पाहिजेत, खराब रस्त्यावर आत बसलेल्यांचे हाल होऊ नयेत, आणि वळणात घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय अचानक काढला तरी गाडी गर्रकन फिरू नये, हे सगळे निर्मात्याला एकाच वेळी सांभाळावे लागते. त्यामुळे बहुतेक गाड्या मुद्दामच अंडरस्टिअरकडे झुकत्या ठेवलेल्या असतात, म्हणजे पकड संपू लागली की आधी पुढची चाके बाहेर घसरतात आणि चालकाला सावरायला वेळ मिळतो. ट्रॅकवर यांतल्या काही अटी सैल होतात आणि सेटअप बदलायला वाव मिळतो.

हा वाव वापरण्याला एक क्रम आहे: टायरमधील हवा, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल), टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे), गाडीची उंची आणि चार चाकांवरचे वजन, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे झुकणे रोखणारा दांडा) व स्प्रिंग, आणि सर्वांत शेवटी डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर). बरेच जण हा क्रम उलटा धरतात. आधी उत्तमातले कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्परचा जोड) बसवले जातात, मग डॅम्परचे क्लिक (कडकपणा बदलण्याचे टप्पे) फिरवत राहतात, आणि टायरमधली हवा मात्र सकाळी एकदाच पाहिलेली असते. आधीच्या पायरीत राहिलेला दोष पुढच्या पायरीने झाकला जातो, पण जात नाही. म्हणून या लेखात क्रमाला एवढे महत्त्व दिले आहे.

वळणात भार कुठे जातो

वळणात गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकते हे चार गोष्टींवर ठरते: गाडीचे वजन, वळणातला बाजूचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. समजा, गाडी १५०० किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५ मीटरवर आहे आणि चाकांमधले अंतर १.६ मीटर आहे. बाजूचा जोर १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाएवढा, असताना १५०० गुणिले ०.५ भागिले १.६, म्हणजे सुमारे ४७० किलो भार बाहेरच्या बाजूला जातो. स्प्रिंग कडक केली किंवा जाड अँटी-रोल बार लावला, तरी या एकूण आकड्यात फारसा फरक पडत नाही. गाडी कमी झुकते, पण भार सरकायचा तेवढा सरकतोच. बदलते ती त्याची वाटणी: त्या ४७० किलोंपैकी पुढच्या ॲक्सलने किती उचलायचे आणि मागच्याने किती.

ही वाटणी महत्त्वाची ठरते ती टायरच्या एका स्वभावामुळे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. म्हणून ज्या ॲक्सलवर आतल्या आणि बाहेरच्या चाकांच्या भारातली तफावत जास्त, त्या ॲक्सलची एकूण पकड कमी. पुढचा अँटी-रोल बार कडक केला की सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा पुढे येतो, पुढची पकड घटते आणि अंडरस्टिअर वाढतो. मागचा कडक केला की नेमके उलटे होते. सेटअपची बहुतेक कोष्टके या एका तत्त्वावर उभी आहेत. हे एकदा नीट समजले की ती पाठ करण्याची गरज उरत नाही.

निघण्याआधीची तपासणी

झिजलेल्या बुशिंगवर (सांध्यांतल्या रबरी बैठकांवर) केलेला सेटअप टिकत नाही. जॅकवर उचलून प्रत्येक चाक वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघावे. बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा व्हील बेअरिंगमध्ये ढिलाई जाणवली तर दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅकवर जाऊ नये. ब्रेक फ्लुइड ताजे असावे. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असला पाहिजे, पण त्यात ओलावा मुरत गेला की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि ट्रॅकवर जोराने चाललेल्या गाडीच्या कॅलिपरमध्ये तेवढी उष्णता सहज तयार होते. फ्लुइड उकळले की पेडल नुसते खाली जाते. व्हील नट टॉर्क रेंचनेच आवळावेत आणि पहिल्या सेशननंतर चाके निवली की पुन्हा तपासावेत.

काहीही बदलण्याआधी आहे ती स्थिती लिहून काढावी: चारही चाकांचे कॅम्बर व टो, फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची, डॅम्परचे क्लिक, अँटी-रोल बारचे लिंक कोणत्या छिद्रात आहेत ते. चार प्रयोग करूनही गाडी बिघडतच गेली तर परत फिरायला ही नोंदच कामी येते.

आणखी एक अट चालकाची. लागोपाठच्या मोकळ्या लॅपमध्ये दोन-तीन सेकंदांचा फरक पडत असेल तर सेटअपमधल्या बदलाचा परिणाम त्या फरकातच बुडून जातो. लॅप साधारण अर्ध्या-एक सेकंदाच्या आत येऊ लागेपर्यंत हवेशिवाय कशालाही हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: हवा

ट्रॅकवर महत्त्व गरम प्रेशरला आहे. टायरमधली हवा तापली की दाब वाढतो, आणि हे गणित साधे आहे: २० अंशांना २८ पीएसआय भरलेल्या टायरमधील हवा ८० अंशांपर्यंत तापली तर प्रेशर सुमारे ३७ होते. म्हणजे साधारण ६ ते ७ अंशांमागे १ पीएसआय. रस्त्यासाठी निर्मात्याने सांगितलेले प्रेशर तसेच ठेवून ट्रॅकवर गेले की तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर टायर फुगून मधोमध टेकू लागतो आणि गाडी बर्फावर चालल्यासारखी हलकी लागते. अनेकांना वाटते की टायर ‘तापून संपला’. प्रत्यक्षात पुष्कळदा हवा जास्त झालेली असते.

टायर उत्पादकाने ट्रॅकसाठी गरम प्रेशर दिले असेल तर तेच लक्ष्य धरावे. ते नसेल तर रस्त्यावर चालणाऱ्या वेगवान टायरसाठी गरम ३२ ते ३६ पीएसआयच्या पट्ट्यात सुरुवात करता येते. गाडी जड असेल तर वरच्या बाजूला, हलकी असेल तर खालच्या. थंड टायरमध्ये लक्ष्यापेक्षा ५ ते ७ पीएसआय कमी भरावे, पण गाडीच्या किंवा टायरच्या उत्पादकाने ठरवलेल्या किमान मर्यादेच्या खाली जाऊ नये, आणि पहिले दोन लॅप सावकाश चालवावेत, कारण कमी हवेच्या थंड टायरची बाजू जोरात दुमडते. मग चार-पाच लॅप वेगात मारून पिटमध्ये येताच गेज लावावा आणि चारही टायर लक्ष्यावर आणावेत.

चारही टायर सारखे तापत नाहीत. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे जास्त असतात, म्हणून डावीकडचे टायर अधिक तापतात. गरम झाल्यावर चारही जागी हवा तेवढीच हवी असेल तर डावीकडे थंड प्रेशर एक-दोन पीएसआय कमी ठेवावे लागते. उन्हात उभ्या गाडीची एक बाजू आधीच तापलेली असते हेही ध्यानात ठेवावे. सकाळचा सेटअप दुपारी चुकतो तो मुख्यतः हवामान आणि डांबर तापल्यामुळे. म्हणून प्रत्येक सेशननंतर गेज लावलाच पाहिजे.

दुसरी पायरी: टायर वाचणे आणि कॅम्बर

कॅम्बर ठरवायला सुई असलेला पायरोमीटर (तापमापक) हवा. नुसत्या इन्फ्रारेड गनने पृष्ठभागाचे तापमान कळते आणि तो पृष्ठभाग पिटच्या रस्त्यावर येईपर्यंतच निवलेला असतो. सुई मात्र रबरात तीन-चार मिलिमीटर आत जाते, जिथे उष्णता टिकून राहते. प्रत्येक टायरवर तीन जागी मोजावे: आतली कड, मध्य आणि बाहेरची कड. ज्या टायरवर सर्वाधिक भार येतो त्यापासून सुरुवात करावी आणि दर वेळी तोच क्रम ठेवावा, नाहीतर शेवटच्या टायरचे आकडे पहिल्याशी ताडून बघता येत नाहीत.

इथे एक अडचण येते. ब्रेक थंड व्हावेत म्हणून शेवटचा लॅप सावकाश मारायचा असतो, पण सावकाश लॅपनंतर टायरचे आकडे सपाट होऊन काहीच सांगत नाहीत. यावर उपाय असा की मोजमापासाठीची फेरी छोटी ठेवावी, वेगातल्या लॅपवरून थेट पिटमध्ये यावे, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करावी किंवा चाकाखाली अडसर लावावा, एक-दोन मिनिटांत आकडे घ्यावेत आणि लगेच पुन्हा बाहेर जाऊन ब्रेक निववणारी फेरी पूर्ण करावी. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले तर पॅडचा थर तिथेच चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते.

आकड्यांचा अर्थ असा लावतात. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. मध्य थंड असेल तर हवा कमी. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणे) कमी पडतो आहे. आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंशांनी गरम असणे योग्य, कारण निगेटिव्ह कॅम्बर असलेला टायर सरळ रस्त्यावर आतल्या कडेवर धावतो. हा फरक १५-२० अंशांवर गेला तर कॅम्बर जास्त झाला आणि ब्रेकिंगमधली पकड वाया जात आहे असे समजावे.

यंत्र नसले तरी टायर बरेच बोलतो. खांद्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत तीन-चार ठिकाणी खडूची रुंद रेघ ओढावी. सेशननंतर खडू कुठपर्यंत पुसला गेला ते पाहावे. बऱ्याच वेगवान टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो. झिजेची सीमा त्या त्रिकोणाच्या टोकाच्या आसपास थांबली असेल तर ठीक, खाली भिंतीवर उतरली असेल तर टायर दुमडतो आहे. अशा वेळी आधी हवा तपासावी आणि ती योग्य असूनही तसेच होत असेल तर कॅम्बर वाढवावा. निरोगी टायरचा पृष्ठभाग बारीक सँडपेपरसारखा, एकसारखा मंद दिसतो. त्यावर निळसर तेलकट चकाकी आली असेल तर तो अति तापला आहे. बाहेरच्या खांद्यावर रबराचे आडवे वळ उठले असतील तर तो टायर वळणात नुसता फरफटला आहे.

आता अंश. कारखान्यातून आलेल्या गाडीत पुढे साधारण उणे अर्धा ते दीड अंश कॅम्बर असतो. ट्रॅकसाठी पुढे उणे २ ते ३.५ आणि मागे उणे १.५ ते २.५ हा बहुतेक गाड्यांना चालणारा पट्टा आहे. मॅकफर्सन स्ट्रट (खाली एक आर्म आणि वर उभा डॅम्पर अशी रचना) असलेल्या गाड्यांना जास्त लागतो, कारण गाडी झुकली की स्ट्रटचा टायर जवळजवळ बॉडीबरोबरच बाहेर कलतो. गाडी ३ अंश झुकली आणि सस्पेन्शनने त्यातला एकच अंश सावरला, तर उभ्या गाडीत ठेवलेल्या उणे २.५ अंशांपैकी वळणात जेमतेम अर्धा अंश शिल्लक राहतो. डबल विशबोनमध्ये (वर आणि खाली असे दोन आर्म) हे नुकसान बरेच कमी होते. पोर्शने २०२१ मध्ये आणलेल्या ९११ जीटी३ला पुढे स्ट्रटऐवजी डबल विशबोन दिले, त्यामागे हा विचार होता. कॅम्बर अर्ध्या अंशाच्या टप्प्याने बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर टो मोजल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेऊ नये, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच.

कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) बदलता येत असेल तर वाढवणे बहुधा फायद्याचे असते. चाक वळवल्यावर कास्टरमुळे बाहेरच्या चाकाला जादा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो, तोही सरळ धावताना किंमत न मोजता. स्टिअरिंग थोडे जड होते. मात्र डावे-उजवे कास्टर सारखे ठेवावे.

तिसरी पायरी: टो

टोचा परिणाम मिलिमीटरमध्ये असतो, पण चालकाच्या हाताला तो लगेच कळतो. पुढे शून्य किंवा एकूण १ ते २ मिलिमीटर टो-आउट (चाकांची पुढची टोके बाहेर) ठेवला की गाडी वळणात चटकन शिरते. त्याहून जास्त केला तर सरळ रस्त्यावर वेगात स्टिअरिंग भिरभिरते आणि आतल्या कडा झिजतात. मागे नेहमी थोडा टो-इन (पुढची टोके आत) हवा, एकूण १ ते ३ मिलिमीटर. मागे टो-आउट झाला तर ब्रेक लावून वळताना मागची बाजू अचानक सुटते, आणि ती खोड कोणत्याही डॅम्परने जात नाही.

मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेशी समांतर दोरे ताणावेत आणि प्रत्येक रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचे दोऱ्यापासूनचे अंतर घ्यावे. स्टिअरिंग सरळ बांधून ठेवावे. चाकांखाली ग्रीस लावलेल्या पत्र्याच्या दोन-दोन चकत्या ठेवल्या की टायर मोकळेपणाने बसतो आणि जॅकवरून उतरवल्यावर राहिलेला ताण मोजमापात येत नाही. चालकाच्या जागी त्याच्या वजनाएवढा भार ठेवायला विसरू नये.

चौथी पायरी: उंची आणि चार कोपऱ्यांवरचे वजन

गाडी खाली आणली की गुरुत्वमध्य उतरतो हे खरे, पण स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढू लागला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. त्या दोहोंमधले अंतर वाढते आणि खाली आणलेली गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते. म्हणून १५ ते २५ मिलिमीटरच्या पुढे उतरवताना खालचा आर्म निदान जमिनीला समांतर राहतो ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. फार उतरवलेल्या गाडीत चाक वर-खाली होताना टोही बदलतो, आणि खडबडीत वळणात स्टिअरिंग आपोआप हलल्यासारखे वाटते.

उंची ठरली की गाडी चार वजनकाट्यांवर चढवावी. जमीन समपातळीत हवी, टायरमध्ये ठरवलेली हवा हवी, टाकी अर्धी भरलेली आणि चालकाचे वजन जागेवर हवे, आणि अँटी-रोल बारचा एक लिंक सोडलेला हवा. समजा, काटे असे आले: पुढे डावे ३४५ आणि उजवे ३४०, मागे डावे ३६५ आणि उजवे ३५०, एकूण १४०० किलो. पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून ७०५, म्हणजे ५०.४ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या आत आलेला हा कर्ण उत्तम आहे. हाच आकडा ५२ वर गेला असता तर गाडीने डाव्या वळणात अंडरस्टिअर आणि उजव्या वळणात ओव्हरस्टिअर (मागची चाके आधी घसरणे) दाखवला असता, आणि चालकाला कारण सापडले नसते. एखाद्या कोपऱ्याची स्प्रिंगची बैठक वर फिरवली की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या समोरच्या कर्णावर वजन वाढते. बदल चारही कोपऱ्यांत थोडा थोडा वाटून करावा, म्हणजे उंची बिघडत नाही. डाव्या-उजव्या बाजूंच्या एकूण वजनातला फरक स्प्रिंगने बदलत नाही. त्यासाठी सामानच हलवावे लागते.

पाचवी पायरी: स्प्रिंग आणि अँटी-रोल बार

स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकाला तसाच मिळत नाही. स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसवलेली असेल तर चाकाच्या हालचालीपेक्षा ती कमी दबते, आणि या गुणोत्तराच्या वर्गाने गुणल्यावर चाकाजवळचा खरा कडकपणा मिळतो. गुणोत्तर ०.७ असेल तर १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकाला फक्त ४९ देते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा स्प्रिंगचा आकडा उचलून आपल्या गाडीला लावणे निरर्थक आहे. तुलना करायचीच तर वारंवारितेची, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होते त्याची, करावी. एका कोपऱ्यावर ३५० किलो वजन स्प्रिंगवर तोललेले असेल आणि चाकाजवळचा कडकपणा ६० न्यूटन प्रति मिलिमीटर असेल तर वारंवारिता सुमारे २.१ हर्ट्झ येते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कार साधारण दीड ते दोन हर्ट्झमध्ये असतात. ट्रॅकवर रस्त्याच्या टायरवर धावणाऱ्या गाडीला दोन ते अडीच पुरतात. त्यापुढचा कडकपणा मुख्यतः मोठे डाउनफोर्स (हवेचा गाडी खाली दाबणारा जोर) असलेल्या गाड्यांचा आहे. रस्त्याच्या टायरला तो पेलवत नाही, आणि गाडी खडबडीत जागी उड्या मारत वळणाबाहेर जाते.

रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवण्याची पद्धत आहे. उंचवट्यावरून आधी पुढचे आणि मग मागचे चाक जाते, आणि मागची बाजू जरा लवकर हलली की दोन्ही टोके एकत्र स्थिरावतात, हे मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना मांडले होते. ट्रॅकवर डॅम्पर कडक असल्याने हा मुद्दा मागे पडतो आणि समतोल पुढे येतो.

समतोल साधायला बार हे सर्वांत सोयीचे साधन आहे, कारण पिटमध्येच पाच मिनिटांत बदलता येतो. लिंक बारच्या टोकाकडच्या छिद्रातून आतल्या छिद्रात नेला की दांडा आखूड होतो आणि बार कडक होतो. मात्र मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार फार कडक केला तर वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक हलके होऊन नुसते फिरते. म्हणून अंडरस्टिअर घालवायचा असेल तर आधी पुढचा बार मऊ करावा, मागचा कडक करण्याचा पर्याय नंतरचा. घसरणाऱ्या टोकाला पकड देता येत असेल तर दुसऱ्या टोकाची पकड काढून घेऊ नये.

स्प्रिंग पुरेशी आहे का, हे कळण्याची एक साधी खूण आहे. डॅम्परच्या दांड्यावर प्लॅस्टिकचा बारीक केबल टाय घट्ट न आवळता बसवून खाली सरकवून ठेवावा. सेशननंतर तो जिथे थांबला असेल तिथपर्यंत डॅम्पर दबला होता. टाय थेट बंप स्टॉपला (डॅम्परची हालचाल संपते तिथला रबरी ठोकळा) जाऊन चेपलेला दिसला तर गाडी वळणात रबरावर टेकते आहे. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम अनेक पटींनी वाढतो आणि ते टोक कसलीही सूचना न देता सुटते. ‘वळणाच्या मध्यावर अचानक काहीतरी होते’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते.

तक्रार वळणाच्या कोणत्या टप्प्यातली आहे

‘गाडीला अंडरस्टिअर आहे’ हे निदान अपुरे आहे. वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना? हळू वळणात की वेगवान? यांतल्या प्रत्येकाचे कारण वेगळे असते.

शिरताना गाडी झुकत असते आणि पुढे दबत असते, म्हणून तिथे डॅम्पर, ब्रेकची पुढे-मागे वाटणी आणि टो यांचा हात जास्त. मध्यावर गाडी एका कोनात स्थिर झालेली असते, डॅम्परचे काम जवळजवळ थांबलेले असते, आणि स्प्रिंग, बार, कॅम्बर व हवा बोलतात. बाहेर पडताना मागचे टो, मागची स्प्रिंग आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक नुसते फिरू न देणारी यंत्रणा) पुढे येतात. हळू वळणात गाडी ठीक आणि फक्त वेगवान वळणात बिघडत असेल तर स्पॉयलर, स्प्लिटर किंवा गाडीच्या पुढे-मागे उंचीतला फरक पाहावा, कारण गाडीवर बाहेरून येणारा वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० च्या तुलनेत ताशी २०० किलोमीटरला तो चौपट असतो.

एक उदाहरण पूर्ण पाहू. मागच्या चाकांवर चालणारी, पुढे स्ट्रट असलेली गाडी आहे, आणि मध्यम वेगाच्या लांब उजव्या वळणात मध्यावर नाक बाहेर जाते. डाव्या पुढच्या टायरचे आकडे आतून बाहेर ७८, ८४, ९७ अंश आणि गरम प्रेशर ३८. मध्य दोन्ही कडांच्या सरासरीपेक्षा थंडच आहे, त्यामुळे वरवर हवा कमी वाटते, पण गेज उलटे सांगतो. याचा अर्थ बाहेरच्या कडेने सगळे चित्र बिघडवले आहे. आधी हवा ३५ वर आणावी आणि पुन्हा धावावे, कारण हा बदल फुकट आहे. बाहेरची कड तरीही दहा-पंधरा अंशांनी गरम राहिली तर कॅम्बर उणे १.५ वरून उणे २.५ च्या दिशेने, अर्ध्या-अर्ध्या अंशाने न्यावा आणि टो पूर्ववत करावा. बहुतेक वेळा तक्रार इथेच संपते. ती राहिलीच तर पुढचा बार एक छिद्र मऊ करावा. पण हे सगळे करण्याआधी चालकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: ब्रेक सोडताना पाय एकदम काढला जातो का? ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरले की पुढच्या टायरवर भार टिकून राहतो. एकदम सोडला की नाक उचलते, पुढची पकड जाते, आणि चालक स्टिअरिंग आणखी वळवून ती अधिकच घालवतो. तसेच एपेक्सच्या (वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूच्या) आधीच ॲक्सिलरेटर दाबला तर उत्तम सेटअपच्या गाडीलाही अंडरस्टिअर येतो.

एका वेळी एकच बदल करावा. बदलाने गाडी सुधारली असे वाटले की एकदा जुन्या सेटअपवर परत जाऊन खात्री करावी, कारण मधल्या वेळात ट्रॅकवर रबर बसलेले असते, ऊन चढलेले असते आणि चालकाचा हातही बसलेला असतो.

सहावी पायरी: डॅम्पर

डॅम्परच्या संदर्भात ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ हे शब्द गाडीच्या नव्हे, दांड्याच्या वेगाबद्दल आहेत. ब्रेक, वळण आणि ॲक्सिलरेटर यांमुळे बॉडी हळू हलते, तो लो स्पीड. कर्बवर किंवा उंचवट्यावर चाक झटक्यात वर फेकले जाते, तो हाय स्पीड. बॉडी हलत असताना डॅम्पर तात्पुरत्या अँटी-रोल बारसारखे वागतात: ज्या टोकाचे डॅम्पर कडक, ते टोक तेवढ्या काळापुरता सरकत्या भाराचा मोठा वाटा उचलते. म्हणून शिरताना अंडरस्टिअर असेल तर पुढचे लो स्पीड दोन क्लिक मऊ करून पाहावे, आणि शिरताना मागची बाजू सुटत असेल तर मागचे रिबाउंड (डॅम्पर उघडतानाचा विरोध) मऊ करावे.

क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजावेत आणि बंद करताना जोर लावू नये. सुरुवात उत्पादकाने दिलेल्या मधल्या आकड्यापासून करावी. आधी बंप (डॅम्पर दबतानाचा विरोध) घ्यावा: मऊ बाजूने दोन-दोन क्लिक कडक करत जावे, गाडी उंचवट्यांवर तडतडू लागली की दोन क्लिक परत यावे. मग रिबाउंड: दिशा बदलताना बॉडी तरंगणे थांबेपर्यंत वाढवावे आणि तिथेच थांबावे. रिबाउंड जास्त झाल्याची खूण ओळखता आली पाहिजे. लागोपाठच्या उंचवट्यांपैकी पहिल्यावर गाडी ठीक वागते, दुसऱ्यावर जरा टणक लागते आणि तिसऱ्यावर चाक जमीन सोडून बाजूला उडी मारते. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात स्प्रिंगला पुन्हा उघडायला अवधी मिळत नाही, आणि गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते. बऱ्याच चालकांना यावर डॅम्पर आणखी कडक करावासा वाटतो. उपाय नेमका उलट आहे.

इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असलेल्या गाडीत क्लिक नसतात, मोड असतात. सर्वांत कडक मोड सर्वांत वेगवान असतोच असे नाही. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफेसारख्या चढउतारांच्या, उंचवट्यांच्या ट्रॅकवर मऊ किंवा मधला मोड टायरला जमिनीला धरून ठेवतो आणि चालकालाही आधार वाटतो.

पावसात, आणि घरी परतताना

ओल्या ट्रॅकवर पकड कमी, म्हणून भार कमी सरकतो, गाडी कमी झुकते आणि टायर तापत नाहीत. दोन्ही बार मऊ करावेत, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा आधी, आणि डॅम्पर काही क्लिक मऊ करावेत. थंड प्रेशर कोरड्या दिवसापेक्षा दोन ते चार पीएसआय जास्त ठेवावे, म्हणजे कमी तापूनही टायर गरम लक्ष्याजवळ पोहोचतो आणि त्याच्या खाचा पाणी बाहेर टाकायला उघड्या राहतात. इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण पावसात बंद करू नये.

त्याच गाडीने रस्त्यावरून परतायचे असेल तर टायर पूर्ण निवल्यावर हवा निर्मात्याने सांगितलेल्या थंड प्रेशरवर आणावी. ट्रॅकवरच्या थंड आकड्यांवर लांबचा प्रवास करू नये. व्हील नट पुन्हा टॉर्कने तपासावेत, पॅडची जाडी पाहावी, आणि पेडल सकाळपेक्षा मऊ लागत असेल तर निघण्याआधी ब्रेकमधली हवा काढून घ्यावी. उणे अडीच अंशांचा कॅम्बर रस्त्यावर चालून जातो, पण पुढचा टो-आउट तसाच ठेवला तर टायरची आतली कड भराभर झिजते. म्हणून टो शून्यावर आणून, डॅम्पर रस्त्याच्या क्लिकवर नेऊन मगच गाडी फाटकाबाहेर काढावी.